सगळ्यांना क्लोराइड

माझ्याबद्दल आमच्या भागात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खरी आहे, हीच तिची अडचण आहे. दुष्काळाच्या वर्षी बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला डिस्टिल्ड वॉटर नव्हतं, म्हणून सरांनी दवाखान्यातून इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्युली आणल्या आणि पोरांची परीक्षा वाचवली. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरच्या लग्नात मला हे पंगतीत ऐकावं लागतं. सांगणारा रंगवून सांगतो, माझी बायको कौतुकानं बघते, मी खाली मान घालून भाताचं आळं करत बसतो. लोकांना वाटतं, किती साधा माणूस!

गोष्टीत खोटं काही नाही. ती फक्त मधून सुरू होते. आधीचा आणि नंतरचा भाग मी आजवर कुणाला सांगितला नाही. आता नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत, बीपीची गोळी सुरू झालीय, आणि गप्प बसून बीपी उतरत नाही हे मी करून पाहिलंय. तेव्हा सांगूनच टाकतो.

मी मूळचा देगलूरचा. नांदेडला एम.एस्सी. केलं आणि लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजवर लागलो. जिल्हा नवाकोरा होता. तोवर लोक सहीसाठी उस्मानाबादला जाऊन "साहेब दौऱ्यावर आहेत" हे ऐकून यायचे. आता लातूरला जाऊन ऐकून यायला लागले. अंतर कमी झालं, उत्तर तेच राहिलं. आमचे प्राचार्य इतिहासाचे होते आणि त्यांना नव्या जिल्ह्याचं इतकं अप्रूप, की फळ्याचा डस्टर हरवला तरी म्हणायचे, "आता आपण नव्या जिल्ह्यातले, असं चालायचं न्हाई."

प्रयोगशाळेत आवर्त सारणीचा एक तक्ता होता. खालच्या दोन ओळी वाळवीनं खाल्लेल्या. लॅन्थेनमच्या पुढची रांग गेलेली, ॲक्टिनियमच्या पुढचीही, युरेनियमसकट. युरेनियम पचवून ती वाळवी मजेत होती आणि हळूहळू शिशाकडं सरकत होती. एका पोरानं विचारलं, "सर, खालचे कुठं गेले?"

"ते आपल्या जिल्ह्यात मिळत नाहीत," मी म्हणालो.

"परीक्षेला हायेत का?"

"न्हाईत."

"मंग खाऊ द्या की."

मी असाच शिकवायचो. वर्ग हसायचा, मला बरं वाटायचं. पुस्तकात अणूला सूर्यमालेची उपमा होती. सूर्याचं कौतुक आमच्याकडं कुणाला असणार? मी कलेक्टर कचेरी घेतली. मधे न्यूक्लियस, सगळं वजन तिथंच. भोवती इलेक्ट्रॉन, हातात अर्ज घेऊन फिरून राहिलेले. आत शिरता येत नाही आणि सोडून गावी जाता येत नाही. आणि दोघांच्या मधे? काही नाही. नुसती रिकामी जागा.

"म्हंजे सगळं पोकळच हाय म्हना सर."

"हाव. बाकडं पोकळ, तू पोकळ, मी पोकळ."

प्राचार्य नेमके व्हरांड्यातून चालले होते. खिडकीत थांबून म्हणाले, "मला त्यात धरू नका."

सोडियम म्हणजे एस.टी. स्टँडवर एक जादा पिशवी घेऊन उभा असलेला माणूस. कुणाच्या तरी गळ्यात ती मारल्याशिवाय त्याला चैन नाही. क्लोरीनच्या घरात खुंट्या आठ आणि पिशव्या सातच, आठवी आली की खुंट्या भरल्या. दोघं भेटले की मीठ. आणि उजव्या कडेचे ते निष्क्रिय वायू म्हणजे निजामाच्या वेळचे जहागीरदार: खुंट्या आधीच भरलेल्या, कुणाशी घेणं ना देणं. पोरांना हे सगळं पाठ झालं. माझं नाव झालं. अणूचं मला एवढंच माहीत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते एका मुलीच्या. ती पहिल्या बाकावर बसायची. तिचे वडील स्टँडजवळच्या गल्लीत शिलाईचं दुकान चालवायचे. मला रस्त्यात धरून म्हणायचे, "सर, पोरगी डाक्टर व्हायचं म्हनती. घरात कुनी धावीच्या वर गेलेलं न्हाई, आन ही डाक्टर म्हनती. होईल का?" मी म्हणायचो, "होईल की." म्हणायला काय जातंय? मेडिकलची यादी तेव्हा बारावीच्या विज्ञानाच्या मार्कांवर लागायची, त्यात प्रॅक्टिकलचे मार्क धरले जायचे, आणि एकेका मार्काच्या फटीत पोरं अडकून पडायची. तिला हे माहीत होतं. आमच्या गावातून त्या यादीच्या जवळ जाईल अशी ती एकटीच होती, हे मलाही माहीत होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, आणि कॉलेजच्या आवारात बोअर घेतलं. पाणी लागलं, पण असलं, की चहा फाटायचा. डाळ दुपारपर्यंत शिजायची नाही. अंघोळ केली की केस तारेसारखे उभे. गावात त्यावर एकच विनोद होता: मीठ विकत घ्यायची गरज न्हाई.

प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर करायचा तांब्याचा एक डबा होता. पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, थेंबथेंब धरायचं. पण वाफ थंड करायला नळ सतत सोडून ठेवावा लागतो. प्राचार्यांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "एका बाटलीसाठी दोन घागरी सांडता? बाहेर बाया घागरीवरून भांडून राहिल्यात. बंद करा हे." मी बंद केलं. यात माझी काही चूक नाही. चूक पुढं आहे. 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेल्या बाटल्या मी बोअरच्या पाण्यानं भरून ठेवायला सांगितल्या.

त्या मुलीनं भर वर्गात विचारलं, "सर, पुस्तकात डिस्टिल्डच घ्या म्हणलंय. बोअरचं चालतं का?"

"राणीसाहेब," मी म्हणालो, "लोकांना प्यायला नाही आणि तुम्हाला सॉल्टला अंघोळ घालायला गुलाबपाणी पाहिजे! पाणी म्हणजे एच टू ओ. देगलूरला तेच, दिल्लीला तेच."

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली. तिचे कान लाल झालेले मी बघितले आणि पुढचा विनोद केला.

आता हे मी का बोललो, ते सांगायला पाहिजे. प्रॅक्टिकलला पोरांना एक अनोळखी सॉल्ट देतात आणि त्यात काय काय आहे ते चाचण्या करून ओळखायचं असतं. आधी कोरड्या चाचण्या: तापवा, ॲसिड टाका, वास घ्या. मग पाण्यात विरघळवून ओल्या चाचण्या. आमच्याकडं एक रीत होती. सॉल्टच्या पुड्या दोऱ्यानं बांधायच्या. क्लोराइडला पांढरा दोरा, नायट्रेटला पिवळा, सल्फेटला निळा. पोरं दोरा बघायची, उत्तर आधी लिहायची, आणि मग त्या उत्तराला शोभतील अशी निरीक्षणं पुस्तकातून उतरवायची. परीक्षानळी हातात धरायची ती फोटोला धरतात तशी. बाहेरून येणारे परीक्षक दुपारी मटण जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीला लागायचे. रीत जुनी होती. दोरा त्या मुलीच्या वडिलांच्याच दुकानातून यायचा. ते एकदा म्हणाले होते, "सर, पांढरा लई लागतो बघा तुम्हाला."

मी नांदेडला शिकलो तिथंही हेच होतं. तिथं दोऱ्याऐवजी बाटल्यांची बुचं होती, इतकाच फरक. बी.एस्सी. बुचावर, एम.एस्सी. बुचावर. मी एकही सॉल्ट आयुष्यात इमानदारीनं ओळखलेलं नव्हतं. त्यामुळं पाण्यानं फरक पडतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात खूप काही असतं. माझ्याकडं मास्टर डिग्री होती, आणि पाण्याबद्दलची माझी समज आमच्या म्हशीएवढी होती. म्हैस निदान वास घेऊन पिते.

त्या वर्षीचे परीक्षक परभणीकडून आले. मटण खात नव्हते. डबा घरून आणलेला, दुष्काळाचं ऐकून प्यायचं पाणीही थर्मासात घरचं. आणि सॉल्टही स्वतःचीच, कागदाच्या पुड्या, दोऱ्याशिवाय. पुड्या बघून आमचा लॅब अटेंडंट, ज्याला सगळे मामा म्हणायचे, माझ्या कानाशी आला. "सर, नागड्याच हायेत की वो पुड्या."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग इलाज नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चाचण्या केल्या. खरंखुरं तापवलं, खरंखुरं विरघळवलं. पोरं सगळी मान खाली घालून कामात होती, आणि मला, कबूल करतो, अभिमान वाटला. इतकी शांतता माझ्या तासाला कधी नसायची.

सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायची वेळ आली. क्लोराइड असेल तर दह्यासारखा पांढरा साका येतो, नसेल तर येत नाही. पहिल्या टेबलवर पांढरं झालं. दुसऱ्यावर झालं. मग सगळीकडं झालं. पोरं खूश. "आलं बे, क्लोराइड!" "माझं बी!" निळं सॉल्ट असलेल्याच्या नळीतही पांढरं तरंगून राहिलं. कुणालाही शंका आली नाही. पांढऱ्या दोऱ्याची सवयच होती.

परीक्षक टेबलामागून टेबल फिरले आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"सर, माझ्या पिशवीत एकच क्लोराइड होतं. तुमच्या वर्गात सगळ्यांना निघालं. ही काय कामधेनू पाळलीय काय तुम्ही?"

पुड्या मिसळल्या असतील, असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "सर, माझ्या कोरड्या परीक्षेत क्लोराइड न्हाई. ॲसिड टाकलं तर वास येत न्हाई, धूर न्हाई. ओल्या परीक्षेत येतंय. दोन्ही कसं खरं असंल?"

परीक्षकांनी तिच्याकडं नीट बघितलं. "मग काय कराल?"

"नुसत्या पाण्यात टाकून बघू का?"

तिनं बाटलीतलं पाणी नळीत घेतलं, त्यात सॉल्ट काहीच टाकलं नाही, आणि दोन थेंब सोडले. पांढरं झालं. सुरेख दह्यासारखं, परीक्षेच्या पुस्तकात छापावं असं.

मामा म्हणाले, "आरारा, बोअरलाच क्लोराइड निघालं."

मला तो क्षण आठवतो, म्हणजे मला माझी मान आठवते. ती आपोआप भिंतीवरच्या तक्त्याकडं वळली, क्लोरीनच्या चौकटीकडं, जणू ती चौकट काही सांगून मला सोडवणार होती.

परीक्षक वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "डिस्टिल्ड आणा, पोरांना ओल्या चाचण्या परत करू देतो." मी सायकल काढली. स्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडं डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या असायच्या. त्यानं आजूबाजूला बघून खालच्या आवाजात सांगितलं, "सर, तुम्ही मास्तर मानूस, तुमाला खोटं कशाला बोलू? ह्ये कॉलेजच्याच बोअरचं हाय."

मग सरकारी दवाखाना. तिथला कंपाउंडर माझ्यासोबत एकाच खोलीत राहायचा. मला धापा टाकताना बघून तो उठला.

"कोन मरून राह्यलंय?"

"बारावी. इंजेक्शनचं पाणी दे."

"मंग इंजेक्शनचा काय उपेग?"

पण त्यानं इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्युलींचा खोका दिला. इथून पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि खरी आहे. पोरांनी काचेच्या त्या कुप्यांच्या माना टकाटक मोडल्या, चमचाभर पाण्यात सॉल्ट विरघळवलं, आणि पांढरं व्हायचं थांबलं. त्या मुलीला सल्फेट निघालं. बरोबर होतं. बऱ्याच जणांचं बरोबर आलं. लग्नाच्या पंगतीतली गोष्ट इथं संपते.

त्यानंतर परीक्षकांनी सगळ्यांना उभं केलं, प्राचार्यांनाही बोलावलं, आणि मला विचारलं, "डिस्टिल्ड का नव्हतं?"

मी दुष्काळाचं सांगितलं. दोन घागरी, बाया, टँकर. दुष्काळ असा फार कामाला येतो. प्राचार्यांनीही मान हलवली. डबा त्यांनीच बंद केला होता.

"समजलं," परीक्षक म्हणाले. "नसेल पाणी, मान्य. पण मग आधी नुसतं पाणी तपासून घ्या, एवढं पोरांना शिकवायला काय हरकत होती? त्याला काही घागर लागत नाही. ते शिकवलं नव्हतं का?"

माझी नोकरी अजून तात्पुरती होती. मान्यतेचा कागद त्याच महिन्यात जायचा होता आणि त्यावर सही करणारे प्राचार्य दोन हातांच्या अंतरावर उभे होते. नाही म्हणावं तर मला येत नाही हे उघडं. हो म्हणावं तर वर्ग समोर उभा.

"शिकवलं होतं सर," ती मुलगी म्हणाली. "आमीच इसरलो."

तिच्या मागचं एक पोरगं काहीतरी बोलायला लागलं, तर तिनं मागं न बघता त्याच्या पायावर चप्पल दिली.

"विसरलात?" परीक्षक म्हणाले. "सॉल्टचे मार्क देतो. पण शिकवलेली रीत सोडली, त्याचे कापावे लागतील. सगळ्यांचे. शिकवलंच नसतं तर गोष्ट वेगळी होती, तुमचा दोष नव्हता."

म्हणजे मी अजूनही बोलू शकत होतो. त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. "नाही साहेब, मी शिकवलं नव्हतं, उलट हिची थट्टा केली होती," एवढंच वाक्य. त्यात एक अवघड शब्द नाही. मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं, नीट बसत होतं. आणि तोंडानं म्हणालो, "पोरं आहेत, होतं असं कधीकधी."

परीक्षकांनी मार्क कापले.

ती नळ्या धुवून ठेवायला मागं थांबली, तेव्हा मी तिच्याजवळ गेलो. का केलंस असं, हेही मला धड विचारता आलं नाही. मी म्हणालो, "ते... मघाशी..."

"तुमाला परमनंट व्हायचंय ना सर," ती म्हणाली. "अब्बा म्हनले हुते, सरांचं हे वर्स लई महत्त्वाचं हाय, तरास देऊ नको." तिनं नळी उपडी ठेवली. "आन मार्क काय, थेरीत काढते."

थेरीत तिनं काढले. भरपूर काढले. तरी मेडिकलची यादी तिच्या थोडी आधी संपली. किती आधी, आणि त्या दिवशी कापलेले मार्क त्यात मिळवले असते तर ती यादीत बसली असती का, हे मी कधी मोजून बघितलं नाही. केमिस्ट्रीच्या माणसाला मोजता येतं. म्हणूनच बघितलं नाही. मला मान्यता मिळाली. ती नांदेडला आयुर्वेदाला गेली.

जायच्या आधी बापलेक कॉलेजात आले. वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा, डोक्यावर नवी टोपी. प्राचार्य होते, मामा होते, चारदोन शिक्षक होते. वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डाक्टर ती डाक्टरच की वो! झाडपाल्या-मुळ्यांची का आसंना. ह्या सरांनी त्या दिशी पानी आनलं नसतं तर पोरगी माझी गेलीच हुती. सगळी तुमची मेहेरबानी सर."

"आपल्या नव्या जिल्ह्याचा अभिमान आहे," प्राचार्य म्हणाले. मुलीबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, कळलं नाही.

मी तिच्याकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघून राहिली होती, कधी एकदा हे उरकतंय आणि कधी नांदेडची गाडी धरतोय.

आता तरी सांगावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी खुर्चीतून उठलो, "चाचा, ऐका, त्या दिवशी..." म्हणून तोंड उघडलं, आणि चाचांनी त्यात पेढा घातला.

"पैले तोंड गोड करा, मंग बोला."

पेढा मोठा होता. चावायला वेळ लागला. तेवढ्यात मामांनी काहीतरी विनोद केला, सगळे हसले, चाचा दुसऱ्यांना पेढे वाटत पुढं गेले. माझं तोंड रिकामं झालं तेव्हा पुडा फिरून परत माझ्यापुढं आला होता. आता तो तिच्या हातात होता.

"घ्या सर," ती म्हणाली.

मी दुसराही घेतला.